कपाटातल्या बॅकअपपासून हैदराबादच्या स्टँडबायपर्यंत

आमच्याकडे बॅकअप होता. रोज रात्री डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, निघायची, एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर जायची आणि सकाळी ती डिस्क सर्व्हररूममधल्याच लोखंडी कपाटात कुलूपबंद व्हायची. कुलूप लावायचं काम इमानेइतबारे चालायचं. ऑडिटवाल्यांनी विचारलं की किल्ली दाखवायची आणि तेही समाधानाने मान डोलवायचे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सिस्टीम आणि डेटाबेस दोन्ही सांभाळते. सुताच्या आवकेपासून डाइंग, लूम, शिलाई, पॅकिंग आणि कंटेनर गेटबाहेर पडेपर्यंत सगळं एका ईआरपीत, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे आणि ती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालते. पॅकिंगमध्ये प्रत्येक बॉक्सला बारकोडचं स्टिकर लागतं, ते स्कॅन झाल्याशिवाय बॉक्स जागचा हलत नाही. म्हणजे डेटाबेस बसला तरी लूम चालूच राहतील, पण माल बाहेर जाणार नाही.

१८ मे २०२५ च्या पहाटे आमच्याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ माणसं गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहिणं बरं नाही. त्यानंतर आमच्या अण्णांनी, म्हणजे मालकांनी, सगळा कारखाना पायाखाली घातला. आधी माणसं बाहेर कुठून पडतील ते बघितलं, खिडक्यांच्या जाळ्या बघितल्या, वायरिंग बघितलं. सर्व्हररूमची पाळी सगळ्यात शेवटी आली, आणि ते योग्यच होतं. त्यांनी कपाट उघडायला लावलं.

"हे जळलं तर, ताई?"

"सर्व्हरही जळेल आणि हेही जळेल."

"मग हे इथं ठेवलंय कशाला?"

स्टँडबायचा, म्हणजे दुसऱ्या जागी डेटाबेसची सतत ताजी राहणारी प्रत ठेवण्याचा, प्रस्ताव मी आधी दोनदा मांडून झाला होता, दोन्ही वेळा 'दिवाळीनंतर बघू' झालं होतं. आता अण्णा स्वतःच विचारत होते, तेव्हा मीही दोन प्रश्न पुढे केले. एक, आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं, तर किती मिनिटांचं काम गेलेलं चालेल? दोन, किती वेळ सिस्टीम बंद राहिलेली चालेल? कुठलाही मालक देतो तेच उत्तर मिळालं: काही जायला नको आणि बंद तर पडायलाच नको.

मग एकेक खातं धरून बसलो. पॅकिंगचे शेवटच्या दोन मिनिटांचे स्कॅन गेले तर? बॉक्स समोरच उभे असतात, पुन्हा स्कॅन करता येतात. सुताची पावती गेली तर? कागद असतो. बिल बनलं, ई-वे बिल सरकारी पोर्टलवर निघालं आणि आमच्याकडची नोंद गेली तर? त्रास आहे, पण पोर्टलवरून परत उतरवता येतं. बंद राहण्याचं गणित मात्र वेगळं निघालं. न्हावाशेवाला जहाजाची वेळ चुकली की पुढच्या जहाजाची वाट बघणं आणि वर खरेदीदाराची बोलणी. तेव्हा ठरलं की दोनचार मिनिटांचा डेटा गेला तर चालेल आणि चार तासांच्या आत बिलं निघायला लागली पाहिजेत.

ही चर्चा कंटाळवाणी असते, पण पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं. स्टँडबाय सिंक्रोनस ठेवायचा की असिंक्रोनस, हा प्रश्न तिथेच सुटला. सिंक्रोनस ठेवला तर प्रत्येक व्यवहार दुसऱ्या मशीनवर पोचल्याची पोच आल्याशिवाय इथला कमिट, म्हणजे पक्की नोंद, पुरा होत नाही. ऐकायला छान वाटतं, पण असा एकच स्टँडबाय असेल आणि मधली इंटरनेटची लाइन तुटली, तर इथला धडधाकट डेटाबेस पोचेची वाट बघत थांबतो. आपत्तीत काम चालू राहावं म्हणून आणलेल्या यंत्रणेमुळे रोजचं काम थांबायचं. आमच्याकडे मे महिन्यात लाइन किती वेळा जाते ते बघता असिंक्रोनसला पर्याय नव्हता.

जागेवरून बरीच ओढाताण झाली. अण्णांच्या धाकट्या चिरंजीवांचं म्हणणं, जुळे सोलापुरातल्या बंगल्यात एक खोली रिकामी आहे, तिथे मशीन ठेवू, खर्च शून्य. आग लागली तर बंगला वाचेल हे खरं. पण वीज तीच, इंटरनेटवालाही तोच, आणि शहरावर काही ओढवलं तर दोन्ही ठिकाणं त्यात. शिवाय त्या मशीनचा पंखा बंद पडला तर बघणार कोण? शेवटी क्लाउडवर भाड्याचं मशीन घ्यायचं ठरलं. मुंबई की हैदराबाद, यात आमच्या कामापुरता तांत्रिक फरक नव्हता. पण अण्णांचे आजोबा तेलंगणातून माग चालवायला सोलापुरात आले, अर्धे नातेवाईक अजून तिकडेच, त्यामुळे हैदराबाद म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एकदम विश्वास दिसला. मी वाद घातला नाही. गंमत म्हणजे मार्ग तपासला तेव्हा आमची पाकिटं आधी उलट्या दिशेने मुंबईला जात होती आणि तिथून हैदराबादला वळत होती.

आता तांत्रिक भागाकडे येते. यात सगळ्यात जास्त डोकं ज्याने खाल्लं ते रेप्लिकेशन, म्हणजे प्रत सतत ताजी ठेवणं, नव्हतंच, ती होती अक्षरांची क्रमवारी.

जुना सर्व्हर सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमवर होता. त्याची मुदत ३० जून २०२४ लाच संपली होती, पण चालतंय तोवर कोण हात लावतो. हैदराबादचं मशीन नवं, त्यावर उबंटू २२.०४. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत जी-लिब-सी नावाची लायब्ररी असते आणि पोस्टग्रेस मजकुराची क्रमवारी, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, तिला विचारून लावतो, हे मात्र कोणी सांगत नाही. या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, क्रमवारीचे नियम बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, उबंटू २२.०४ मध्ये २.३५.

स्टँडबायवर डेटा बाइटला बाइट उतरतो, इंडेक्ससुद्धा. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. ती जुन्या नियमाने लावलेली, आणि नवं मशीन तिच्यात नव्या नियमाने शोधणार. मी दोन्ही मशीनवर एक साधी तपासणी केली. दोनच ओळी, १-१ आणि ११, इंग्रजी आकड्यांत, आणि त्यांना सॉर्ट करायला सांगितलं. जुन्या मशीनने ११ आधी दिलं, मग १-१. नव्याने १-१ आधी, मग ११. आणि आमचे सुताचे, डाइंगचे, पॅकिंगचे सगळे लॉट नंबर मधे डॅश असलेलेच!

खात्री करावी म्हणून जुन्या डेटाची एक प्रत नव्या मशीनवर चढवली आणि लॉट शोधायला सुरुवात केली. काही लॉट पटकन सापडले. काही 'नोंद नाही' म्हणाले. तीच नोंद इंडेक्स बाजूला ठेवून पूर्ण टेबल वाचून शोधली तर समोर हजर. यात एरर कुठेच येत नाही, हे सगळ्यात वाईट. आगीनंतर आपण स्टँडबाय उभा करणार, सगळं हिरवं दिसणार, आणि गोडाऊनवाला म्हणणार की मॅडम, हा लॉट सिस्टीमलाच नाही. युनिक इंडेक्सचं तर अजून अवघड, कारण जुनी नोंद सापडली नाही की तोच नंबर दुसऱ्यांदा आत घ्यायला तो तयार होतो.

मग क्रम उलटा केला. आधी कारखान्यातला मुख्य सर्व्हर बदलला. त्यावरच्या पोस्टग्रेस १३ ची मुदतही नोव्हेंबर २०२५ मध्ये संपतच होती, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी डंप काढून नव्या सर्व्हरवर पोस्टग्रेस १६ मध्ये भरला. डंपमधून भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे क्रमवारीचा प्रश्न मिटला. त्याच वेळी डेटा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखणारे ताळ्याचे आकडे, चालू करून घेतले, त्यांचा उपयोग पुढे येतो. आता दोन्हीकडे तोच उबंटू, तीच आवृत्ती, आणि नियम असा की एकावर मोठा अपडेट झाला की दुसऱ्यावर झालाच पाहिजे.

त्यानंतरचं सेटिंग खरंच एका बैठकीचं आहे. दोन मशीनमध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली खाजगी जोडणी, टाकला, म्हणजे डेटाबेसचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवायला नको. रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर केला. परवानग्यांच्या फायलीत, म्हणजे पीजी-एचबीएमध्ये, एक ओळ घातली. इथे ईआरपीवाल्या कंपनीचा पोरगा अडकला होता. त्याने डेटाबेसच्या रकान्यात 'ऑल' लिहिलं होतं आणि जोडणी नाकारली जात होती. त्या 'ऑल'मध्ये रेप्लिकेशन येत नाही, त्यासाठी 'रेप्लिकेशन' हाच शब्द वेगळ्या ओळीत लिहावा लागतो. वॉल, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद, हव्या तेवढ्या तपशिलात लिहिण्याचं सेटिंग दहाव्या आवृत्तीपासून मुळातच चालू असतं.

पहिली प्रत तिकडे पोचवणं हे मात्र हमालीचं काम. डेटाबेस १८० जीबीचा, आमच्या लाइनचा अपलोड ५० एमबीपीएस. कागदावर आठ तास. पीजी-बेसबॅकअप ही आज्ञा सोपी आहे, प्रगती दाखवते, स्टँडबायची खुणेची फाइल स्वतः बनवते, सगळं करते. पण मधे जोडणी तुटली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. आमचा जनरेटर आहे, यूपीएस आहे, पण चौकातल्या खांबावरच्या इंटरनेटच्या डब्याला कुठला जनरेटर? वीज गेली की तो डबा झोपतो. रात्रभर चालून पहाटे लाइन गेली आणि शंभरच्या वर गेलेला आकडा पुन्हा शून्यावर आला, तेव्हा मी ती वाट सोडली.

मग पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन घेतलं. यात बॅकअप आधी क्लाउडच्या साठवणीत जातो, तुटला तर पोचलेल्या फायली पुन्हा पाठवत नाही, आणि तिथून स्टँडबाय बांधता येतो. वॉलच्या १६ एमबीच्या फायलीही तिथेच सतत जमा होतात. म्हणजे स्टँडबायला थेट प्रवाहातून काही मिळालं नाही तर तो या साठ्यातून उचलून घेतो. अपलोड हळूहळू, दोन रात्रींत तुकड्यातुकड्याने का होईना, पुरा झाला.

बॅकअप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवला होता. त्याचा पासफ्रेज सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. सर्व्हर जळाला तर? साठवणीत सगळा डेटा सुखरूप आणि आपल्याकडे किल्ली नाही, असा प्रकार. म्हणून तो पासफ्रेज कागदावर छापून, लिफाफ्यात घालून अण्णांच्या बँक लॉकरमध्ये ठेवला. अण्णांनी लिफाफा हातात घेऊन विचारलं, "एवढ्याशा ओळीसाठी लॉकर?" मग त्यांनीच तो सोन्याच्या डब्याखाली सरकवला.

आता स्लॉटबद्दल. रेप्लिकेशन स्लॉट म्हणजे मुख्य सर्व्हरने दिलेला शब्द, की स्टँडबायने उचलेपर्यंत मी वॉल पुसणार नाही. दिलेला शब्द तो इतका पाळतो की स्टँडबाय चारपाच दिवस गायब झाला तर वॉल साठत जाते, डिस्क भरते आणि मुख्य सर्व्हरच थांबतो. या साठ्याला मुळात मर्यादाच नसते. तेराव्या आवृत्तीपासून ती घालता येते, आम्ही ४० जीबी घातली. तिच्यापुढे गेलं तर स्लॉट बाद होतो, पण साठवणीत सगळ्या फायली असल्यामुळे स्टँडबाय तिथून गाठून घेतो.

हे कागदावरचं खरं आहे का, ते सप्टेंबर २०२५ मध्ये आपोआप बघायला मिळालं. सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, पुण्याचा हायवे बंद झाला. आमच्या एमआयडीसीत पाणी नव्हतं, पण लाइन जी गेली ती दुसऱ्या दिवशीच आली. आल्यावर मी फक्त बघत बसले. मागे पडलेल्या बाइटांचा आकडा उतरत उतरत शून्याला टेकला. त्या दिवसापासून 'पुण्याला भाच्याच्या ऑफिसात मशीन ठेवू, काही झालं तर गाडी काढून जाऊ' हे कोणी बोललं नाही.

स्टँडबाय किती मागे आहे हे मोजायची सगळीकडे सांगितली जाणारी रीत म्हणजे शेवटचा व्यवहार कधीचा लागला ते बघून आत्ताच्या वेळेतून वजा करायचं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टीच्या रात्री अडीच वाजता अलार्म वाजला, 'स्टँडबाय दोन तास मागे'. मागेबिगे काही नव्हता. दोन तास कारखान्यात कोणी काही केलंच नव्हतं, त्यामुळे लागायला व्यवहारच नव्हता. आता एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहिली जाते. तिकडे ती वेळ पोचली की लाइन जिवंत, नाही पोचली की खरंच काहीतरी बिनसलं.

आणि एक प्रकार, ज्याने अण्णांसह सगळ्यांना स्टँडबाय म्हणजे काय नाही हे कळलं. ईआरपीवाल्यांकडून एक दुरुस्ती आली, त्यातल्या एका अपडेटला अट लावायची राहिली होती. फक्त २० काउंटच्या सुताचा दर बदलायचा होता, बदलला सगळ्याच सुतांचा. स्टोअरमधून फोन आला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "मग हैदराबादवरून घ्या की." हैदराबादला तोच चुकीचा दर एका सेकंदात पोचला होता. तो त्यासाठीच तर ठेवलाय. कामाला आला तो पीजीबॅकरेस्टचा साठा. एका वेगळ्या मशीनवर दुरुस्तीच्या पाच मिनिटं आधीच्या वेळेपर्यंतचा डेटाबेस उभा केला आणि दरांचं एवढंच टेबल उचलून आणलं. तेव्हापासून आमच्या कागदपत्रांत बॅकअप आणि स्टँडबाय यांची पानं वेगळी आहेत.

खरी परीक्षा रंगीत तालमीची. सुट्टीचा दिवस धरला, पण दोन गाड्या मुद्दाम त्या दिवशी भरायला लावल्या, म्हणजे खरी बिलं निघतील. मुख्य डेटाबेस व्यवस्थित थांबवला, शेवटचा बदल हैदराबादला पोचल्याचं ताडून बघितलं आणि तिकडे प्रमोटची, म्हणजे स्टँडबायलाच मुख्य करण्याची, आज्ञा दिली. काही सेकंदांत तो लिहिता झाला. डेटाबेसच्या बाजूने एवढंच.

मग बाकीच्यांचे सूर लागायला सुरुवात झाली. ऑफिसचे संगणक नावाने जोडलेले होते. त्यांच्या जोडणीत दोन्ही सर्व्हरची नावं आणि 'जो लिहू देतो तो घे' अशी अट होती, ते आपसूक वळले. पॅकिंगमधला स्टिकर छापणारा जुना संगणक मात्र कोणे एके काळी कुणीतरी सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये नावाऐवजी सरळ आयपी पत्ता लिहून ठेवलेला, तो बंद पडलेल्या सर्व्हरचं दार वाजवत राहिला. ई-वे बिलाची विनंती हैदराबादच्या आयपीवरून गेली आणि सेवा पुरवठादाराकडे तो आयपी नोंदलेलाच नव्हता. नोंद करून घ्यायला अर्ज, आणि सुट्टीच्या दिवशी अर्ज कोण बघणार? त्या दिवशी ई-वे बिलं काकांनी पोर्टलवर हाताने काढली.

काका म्हणजे आमचे अकाउंटचे प्रमुख. संध्याकाळी तेच बिलांची फाइल घेऊन आले.

"हे काय? १८४७ नंतर एकदम १८७१? मधली बिलं कुणी फाडली?"

कुणीच फाडली नव्हती. पोस्टग्रेसमध्ये पुढचा नंबर देणारा मोजणीदार असतो, त्याला सिक्वेन्स म्हणतात; त्याचा प्रत्येक आकडा वॉलमध्ये लिहिला जात नाही. वेग राहावा म्हणून तो एकदम ३२ पुढचा आकडा लिहून ठेवतो आणि तेवढे संपले की पुन्हा. स्टँडबायला फक्त तो पुढचाच आकडा कळलेला असतो. प्रमोट झाला की तो तिथून मोजायला लागतो, मधले नंबर कायमचे गेले. डेटाबेसच्या लेखी हा दोष नाही. सिक्वेन्स वेगळा आकडा देईल एवढंच वचन देतो, सलग देईन असं तो कधीच म्हणत नाही.

काकांच्या लेखी मात्र दोष आहे. "जीएसटीचा नियम ४६ वाचलाय का? सलग नंबर लिहिलंय तिथे. तुमचा डेटाबेस मोठा की सरकार?" त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, दिलेल्या कागदपत्रांच्या तक्त्यात, त्यांनी दोन वेगळ्या ओळी करून दोन्ही मालिका दाखवल्या आणि सोबत खुलाशाचं पत्र फाइलला लावलं. आम्ही बिलाचा नंबर सिक्वेन्समधून काढून टाकला. आता एका टेबलात प्रत्येक मालिकेची एक ओळ आहे. बिल बनतानाच ती कुलूपबंद होते, आकडा एकने वाढतो, आणि बिल बनता बनताच फसलं तर आकडाही मागे जातो. एका वेळी एकच बिल नंबर घेऊ शकतं, पण आमच्याकडे बिलांची झुंबड उडत नाही. पुढच्या तालमीत काकांनी स्वतः शेजारी बसून नंबर तपासले.

जुन्या मुख्य सर्व्हरला परत रांगेत आणताना चेकसम उपयोगी आले. वाटा फुटलेल्या सर्व्हरला पीजी-रिवाइंडने मागे नेऊन नव्याच्या मागे उभं करता येतं, पण त्यासाठी चेकसम किंवा त्याच्या जोडीचं एक सेटिंग आधीपासून चालू लागतं. नाहीतर पुन्हा १८० जीबी, पुन्हा त्याच लाइनवरून.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर बोललो, तो प्रश्न आज्ञेचा नाही, हुकमाचा आहे. लाइन तुटली आणि कारखाना जळाला, हैदराबादला दोन्ही सारखंच दिसतं: समोरून उत्तर नाही. त्याने आपण होऊन कारभार हाती घेतला आणि इकडे सर्व्हर ठणठणीत असला तर एका गावाला दोन पोलीस पाटील. दोन्हीकडे बिलं फाटणार, दोन्हीकडे स्टॉक घटणार, आणि ते परत एकत्र करणारं कुठलंही अवजार नाही. ही निवड आपोआप करणारी साधनं आहेत, पॅट्रोनी त्यातलं नावाजलेलं. पण बहुमत ठरवायला तिसरी जागा लागते, आणि चार तासांची मुभा असताना तो पसारा मला नको होता. आमच्याकडे प्रमोट माणूसच करणार.

म्हणून एक कागद केला, मराठीत, मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. एक प्रत माझ्याकडे, एक काकांकडे, एक गेटवर. पहिलं काम डेटाबेसचं नाहीच: गेटवरच्या वॉचमनला फोन करून कारखाना जागेवर आहे का विचारायचं. जागेवर असेल तर रॅकमागची लाल टेप गुंडाळलेली वायर उपटायला सांगायची, आणि त्याने 'उपटली' म्हटल्यावरच पुढची ओळ. मुख्य सर्व्हर चालू झाला तरी पोस्टग्रेस आपोआप सुरू होत नाही, ते मुद्दाम बंद केलंय. वीज आली म्हणून जुना पाटील उठून बसायला नको.

हुकूम कोणी द्यायचा यावर अण्णा अडले होते. मालक मीच, मीच देणार. पण जानेवारीत अण्णा कापडाच्या जत्रेला फ्रँकफर्टला असतात आणि नेमकी तेव्हाच इकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, अर्धा स्टाफ रजेवर. तिकडे पहाट असताना फोन लागला नाही तर? बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी मला फोन. पंधरा मिनिटं वाट बघा. नाही उचलला तर तुम्ही आणि काका, दोघांनी मिळून ठरवा. एकट्याने नाही." हे तसंच्या तसं कागदावर घातलं आणि त्यांची सही घेतली.

डिझाइनच्या फायलींचं अजून पुरं झालेलं नाही. जकार्ड टॉवेलांची वीसेक वर्षांची डिझाइनं डेटाबेसमध्ये नाहीतच, ती एका फोल्डरमध्ये आहेत, आणि आकाराने डेटाबेसच्या कितीतरी पट. ती त्या लाइनवरून हैदराबादला जाईपर्यंत नवी डिझाइनं जुनी होतील. सध्या दोन डिस्क आहेत, आलटूनपालटून. एक कारखान्यात भरत असते, दुसरी जुळे सोलापुरातल्या त्या रिकाम्या खोलीत असते, आणि दर शनिवारी ने-आण करायचं काम चिरंजीवांकडे आहे.